फान डेन बर्खांचा डोंगर

"डोंगर आहे! आमच्याच कुरणात आहे! तुम्ही कुणी नीट पाहिलाच नाही, त्याला मी काय करू?"

मरिनस फान डेन बर्ख एवढं बोलला आणि कोबा आत्याच्या घरी गोल मांडलेल्या खुर्च्यांवरचे सगळे नातेवाईक कप ओठांपाशी धरून जागच्या जागी गोठले. आत्याचा वाढदिवस होता. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने आत्याचं आणि मग एकमेकांचंही अभिनंदन करून झालं होतं. वाढदिवस कुणाचाही असो, अभिनंदन सगळ्यांचं करायचं, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही. कॉफीचा पहिला कप फिरला होता, बिस्किटांचा डबा उघडला होता आणि मरिनसने ही थाप ठोकून दिली होती.

थाप म्हणणं तसं बरोबर नाही. मरिनसला आपलं बोलणं थाप वाटत नसे. तोंडातून निघालेली गोष्ट तो स्वतः आधी ऐकायचा, त्याला ती पटायची आणि मग तो इतरांना पटवायला निघायचा. एकदा त्याने शेजारच्या बास्तियानचं गवत कापायचं यंत्र दुरुस्त करून दिलं होतं. ते यंत्र आजही उत्तम चालतं. फक्त मागे चालतं.

तर डोंगराचा विषय काढला होता सेर्वासने. सेर्वास हा मरिनसचा चुलतभाऊ. त्याचे वडील तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम करायला दूर दक्षिणेला लिंबुर्खात गेले आणि तिकडचेच झाले. तिकडे खरे डोंगर आहेत, आणि सेर्वास त्यांच्याबद्दल असं बोलतो, की जणू हप्ते भरून त्यानेच ते सोडवून घेतलेत.

"आपण फान डेन बर्ख," सेर्वास म्हणाला होता. "म्हणजे डोंगराकडचे. डोंगरकर! आणि डोंगरकरांचा मेळावा दर वर्षी कुठे? तर समुद्राच्या पातळीखाली, या लागेफेनच्या खड्ड्यात! लोक हसतात. यंदापासून मेळावा आमच्याकडे. कायमचा. डोंगरावर."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हीच तर अडचण! लागेफेन गावात आडनावं रोज सकाळी खिडकी उघडली की समोर दिसतात. फान डाइक मंडळी डाइकवर, म्हणजे बांधावर राहतात. फान डर स्लोटांच्या, म्हणजे चराकाठच्यांच्या, घरापुढेही चर आहे नि मागेही चर आहे. त्यांच्यातलं कुणी ना कुणी वर्षातून एकदा त्यात पडतं आणि घराण्याचं नाव राखतं. पुराव्याविना हिंडणारी घराणी गावात दोनच. एक हे फान डेन बर्ख, कारण गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चचा मनोरा आणि त्याखालोखाल पोस्टमनची सायकल. दुसरे फान डर मेर, म्हणजे सरोवराकाठचे. त्यांचं सरोवर पूर्वजांनीच पवनचक्क्या लावून उपसून टाकलं आणि तळाशी कोबी लावला.

सेर्वासचं ऐकून खुर्च्यांवरच्या माना हलायला लागल्या. कोबा आत्या मात्र बिस्किटांच्या डब्याकडे बघत राहिली. तिची नव्वदी कधीच उलटली होती. गुडघे असे झाले होते, की बेकरीपलीकडचा प्रवास म्हणजे तिला परदेश. मेळावा लिंबुर्खाला गेला, तर अख्ख्या घराण्यात मेळाव्याविना राहणारी ती एकटीच.

"जा बाबांनो," ती शेवटी म्हणाली. "मला फोटो पाठवा." आणि तिने बिस्किटांचा डबा बंद केला. प्रत्येकाने एकेक बिस्कीट घेतलं की डबा बंद करायचा, ही गावातली सगळ्यांचीच पद्धत. पण आत्याने तो कुणी पहिलं बिस्कीट घ्यायच्या आधीच बंद केला!

ज्या आत्याने लहानपणी मरिनसला सायकलवर पुढे बसवून शाळेत नेलं, तिने बिस्किटाविना डबा मिटावा? मरिनसला ते बघवेना. आणि बघवेना झालं की मरिनस बोलतो. तसा तो डोंगर आहे म्हणून बोलला.

"आहे म्हणतोस डोंगर?" सेर्वासने विचारलं. "किती उंच?"

"चांगला उंच."

"म्हणजे किती?"

"डोंगर असतो तेवढा!"

"मी तुझ्या कुरणात दर वर्षी येतो. मला कधी दिसला नाही तो?"

"तू गाडीतून उतरलास की आधी जेवण कुठेय ते बघतोस. डोंगर कसा दिसेल?"

आत्याने हात वर केला.

"मरिनस," ती म्हणाली, "मी लग्न केलं नाही. जन्मभर हे एकच आडनाव वापरलं. त्यातला डोंगर कधी पाहिला नाही. तू मला तो दाखव. जूनचा मेळावा तुझ्याकडे. डोंगर दिसला, तर मेळावा कायम इथेच. नाही दिसला, तर सगळ्यांनी खुशाल सेर्वासकडे जावं."

मग तिने डबा उघडून मरिनसपुढे धरला. मरिनसने बिस्कीट घेतलं. आता माघार नव्हती.

घरी आल्यावर त्याच्या बायकोने, नेलने, कोट काढायच्या आधी विचारलं, "कुठाय डोंगर?"

मरिनस तिला कुरणाच्या टोकाला, बास्तियानच्या हद्दीच्या चराजवळ घेऊन गेला. तिथे त्यांची गाय उभी होती.

"ही गाय नेहमी इथेच का उभी असते?" त्याने विचारलं.

"का?"

"कारण इथे उंच आहे! जनावराला कळतं. बघ, नीट वाकून बघ."

नेलने वाकून बघितलं. जमीन घोट्याएवढी वर आली होती, आणि त्यातला निम्मा हिस्सा गायीने स्वतः घातलेला होता.

"हा डोंगर?"

"हा डोंगराचा पाया. वरचा भाग झिजलाय. आपण दुरुस्त करायचा."

"अरे पण इथली जमीन!" नेल म्हणाली. "काळी, भुसभुशीत, पाण्याने फुगलेली. आपलं घर खांबांवर उभं आहे म्हणून उभं आहे. बाग दर थोड्या वर्षांनी खाली जाते आणि आपण दाराला एक नवी पायरी लावतो. तू इथे डोंगर ठेवणार?"

"नेल, विचार कर. घर का खचतं? कारण घर विटांचं. डोंगर कशाचा? मातीचा. माती मातीत कशी खचेल?"

नेलने विचार केला. मरिनसच्या युक्तिवादांची हीच गंमत होती. त्यात चूक आहे हे ऐकताक्षणी कळायचं, पण कुठे आहे ते सापडेपर्यंत ट्रक दारात आलेले असायचे.

तसे ते आले. जवळच एका नव्या रस्त्यासाठी खोदकाम चाललं होतं, आणि माती कुठे टाकायची या चिंतेत तिथला मुकादम अर्धा झाला होता. "मातीला मागणी आहे" हे ऐकून तो मरिनसला मिठी मारायचाच बाकी राहिला. गावाच्या कार्यालयातून फोन आला. परवानगी घेतली का? मरिनस म्हणाला, "नवा बांधत नाहीये. जुना दुरुस्त करतोय." फोनवरच्या बाईंनी फाइलीत 'दुरुस्ती' असं लिहून घेतलं आणि शुभेच्छा दिल्या.

आणि खरोखर डोंगर झाला! घराच्या पन्हळीएवढा उंच, बसलेल्या हत्तीसारखा गोलमटोल. मरिनसने त्यावर हिरवळीच्या गाद्या अंथरल्या, माथ्यावर बाक ठेवला आणि पहिल्यांदा वर जाऊन बसला. जन्मभर जे आडवं पाहिलं ते आज वरून दिसत होतं. चर दिसले, मेंढ्या दिसल्या, पलीकडच्या गावांचे मनोरे दिसले. आणि शेजारी बास्तियान फान डर मेर आपल्या न्हाणीघरातल्या टबात बसलेला दिसला.

लागेफेनमध्ये खिडकीला पडदे लावत नाहीत. लपवण्यासारखं काय आहे, असा सरळ हिशेब. पण माथ्यावर बसलेला शेजारी त्या हिशेबात धरलेला नव्हता. बास्तियानने मरिनसला पाहिलं. मरिनसने बास्तियानला पाहिलं. दोघांनी सभ्यपणे हात हलवले. बास्तियानने जरा जपून हलवला.

"तुझा डोंगर माझ्या टबात येतोय," दुसऱ्या दिवशी चरापलीकडून बास्तियान म्हणाला.

"थोडे दिवस सहन कर रे. मेळावा होऊ दे."

"तोवर आंघोळ करू नको?"

"कर की! मी टोपी डोळ्यांवर ओढून बसतो."

पण तशी वेळ आली नाही. काही दिवसांनी मरिनस बाकावर बसला, तर टब दिसेना. नुसता वरचा फवारा दिसला. त्याला वाटलं, बास्तियानने टब खाली सरकवला. पुढच्या आठवड्यात फवाराही गेला आणि नुसती कौलं उरली.

"बास्तियानचं घर उंच होतंय," त्याने नेलला सांगितलं.

"मरिनस," नेल म्हणाली, "तू खाली चाललायस."

छे! मरिनसने ते मानलं नाही. डोंगर 'बसतोय', असं तो म्हणाला. नवी गादी कशी बसते तसा. त्याने मुकादमाला फोन केला आणि आणखी माती मागवली. मुकादमाने पोरीच्या लग्नाला यायचं आमंत्रण दिलं. डोंगर पुन्हा पन्हळीला लागला, पुन्हा टब दिसला, पुन्हा बास्तियानने हात हलवला. आणि पुन्हा सगळं हळूहळू खाली गेलं.

इकडे बास्तियानच्या घरी निराळंच चाललं होतं. बास्तियानचं सारं आयुष्य त्याच्या हिरवळीत गेलं होतं. ती अशी सपाट होती, की गोगलगाय पाय घसरून पडावी. एका सकाळी तो तिथे कॉफी घेऊन बसला, तर कप आपोआप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

तो तरातरा चरापाशी आला. त्याला ओरडावं लागलं नाही, कारण चर बराच अरुंद झाला होता.

"मरिनस, माझ्या बागेतून काहीतरी वर येतंय."

"छछुंदर असेल. तो जमिनीखालून माती वर ढकलतो."

"अरे, खुराडं वर चाललंय! कोंबड्या घाबरून अंडी घालतायत, आणि ती अंडी घरंगळत माझ्या दारात येतायत!"

"मग मोठा छछुंदर असेल."

"केवढा? गायीएवढा?"

"बास्तियान, मेळाव्यानंतर आपण दोघं मिळून त्याला पकडू. आत्ता मला वेळ नाही. मला डोंगर भरायचाय."

बास्तियान परत गेला आणि रात्रंदिवस त्या छछुंदरावर पहारा ठेवू लागला. मरिनस माती भरत राहिला. जेवढी माती इकडे भरावी, तेवढी बास्तियानची हिरवळ तिकडे वर यावी. ओल्या केकवर हात दाबला की केक बाजूने वर येतो, तसं सगळं चाललं होतं. नेल स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन्हीकडे बघायची आणि सूप ढवळायची. तिने एकदा मरिनसला केकवर हात दाबून दाखवला. मरिनस म्हणाला, "उगाच केक खराब केलास."

मेळाव्याच्या आधी पाऊस लागला, नि चांगला लागला.

मेळाव्याच्या सकाळी मरिनस झेंडा घेऊन माथ्यावर लावायला निघाला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. डोंगर नव्हता. डोंगराच्या जागी एक गोल, सुबक तळं होतं. त्यात बदकं पोहत होती. मधोमध बाक तरंगत होता आणि बाकावर एक बगळा बसला होता. तो मरिनसकडे असा बघत होता, की जणू बाक त्यानेच ठेवलाय.

आणि पलीकडे, बास्तियानच्या आवारात, बास्तियानच्या कौलांच्या वरपर्यंत, हिरवळ पांघरलेला, माथ्यावर खुराडं असलेला, देखणा डोंगर उभा होता!

तेवढ्यात फोन वाजला. सेर्वास बोलत होता. "आत्याला गाडीत घेतलंय. बसही मागून येतेय. डोंगर तयार ना?"

"तयार!" मरिनस म्हणाला. खोटं नव्हतं ते. डोंगर तयारच होता. फक्त पत्ता बदलला होता.

त्याने चर ओलांडला. म्हणजे एक साधं पाऊल टाकलं. बास्तियान डोंगराच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसला होता.

"बास्तियान, माझा डोंगर दे."

"तुझा? माझ्या जमिनीतून उगवलाय."

"माती माझी आहे!"

"तुझी माती खाली आहे. वर आलीय ती माझी माती."

"एका दिवसापुरता दे. कोबा आत्याला दाखवायचाय. नाही दिसला, तर सगळे लिंबुर्खाला जातील आणि म्हातारी इथे एकटी डबा मिटून बसेल."

बास्तियानने मान वळवून पलीकडच्या तळ्याकडे पाहिलं.

"मरिनस, लहानपणापासून सगळे विचारतात. फान डर मेर ना? मग कुठाय तुमचं सरोवर? कोबीत का? मी कधी काही बोललो नाही."

"नाही बोललास खरा."

"ते तळं मला दे. डोंगर तू घे."

दोघांनी हात मिळवले. त्यासाठी आता चर आड येत नव्हता. बास्तियान लगेच गळ घेऊन तळ्याकाठी गेला, बगळ्याला उठवलं, काठीने बाक ओढून किनाऱ्याला लावला आणि त्यावर असा बसला, की जणू त्याच्या सात पिढ्या तिथे मासे धरत आल्यात.

बस आली. काका, मावश्या, जावई, सुना, तान्ही मुलं आणि सेर्वासच्या बायकोच्या मांडीवर जर्दाळूचा भलामोठा केक, असं सगळं घराणं उतरलं. आणि वर बघत राहिलं.

"बापरे!" कुणीतरी म्हणालं. "आहे की!"

सेर्वास डोंगराला प्रदक्षिणा घालून आला. त्याने पायाने टोचून पाहिलं.

"माथ्यावर कोंबड्यांचं खुराडं कसं?"

"ते जुनं आहे."

"आणि कोंबड्या?"

"त्या नव्या आहेत."

"आणि ही तर बास्तियानची बाग ना?"

"डोंगर आधीचा," मरिनस ठामपणे म्हणाला. "बाग नंतर आली."

भाच्यांनी कोबा आत्याची चाकांची खुर्ची ढकलत, ओढत, हाशहुश करत माथ्यावर नेली. आत्याने पदर सारखा करावा तसा गळ्यातला रुमाल सारखा केला आणि चहूकडे नजर फिरवली.

"ती माझी शाळा," ती हळूच म्हणाली. "आणि त्या पुलावर मी सायकल शिकले. इतक्या जवळ होतं सगळं? मला जन्मभर लांब वाटलं."

मरिनसने नेलकडे पाहिलं. नेलने डोळे पुसले आणि कांद्याचा वास आहे म्हणून सांगितलं. मरिनसची छाती अशी फुगली, की शर्टाच्या बटणांना तिची काळजी वाटली असणार. आणि फुगलेल्या छातीने त्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी घोषणा केली.

"सगळे वर या! सगळ्या फान डेन बर्खांचा डोंगरावर फोटो!"

सगळे चढले. जाडे काका चढले, मुलांना खांद्यावर घेतलेले जावई चढले, केक घेऊन सेर्वासची बायको चढली. फोटो काढायला सेर्वास एकटा खाली उभा राहिला.

"हसा! अरे, वाकताय का? ताठ उभे राहा!"

"ताठच आहोत!" वरून आवाज आला.

"मग फोटोत खाली का येताय?"

सेर्वासने कॅमेरा पुसला. पुन्हा धरला. घराणं आणखी थोडं खाली आलं होतं. डोंगर सगळ्यांना घेऊन खाली चालला होता, एखाद्या मोठ्या दुकानातल्या लिफ्टसारखा, अगदी सावकाश, कुणाचा तोलही जाऊ न देता. कोंबड्या सवयीच्या असल्यामुळे शांत होत्या. माथ्यावर खुर्चीत बसलेली आत्या एकेक मनोरा दिसेनासा होताना निवांत बघत होती.

आणि पलीकडे तळं बुडबुडायला लागलं. बदकं उठली. पाण्यातून काळा, ओला, नुकताच आंघोळ केलेला डोंगर काठासकट वर यायला लागला, आणि त्याच्यावर बाकासकट बास्तियान! त्याने गळ सोडला नव्हता.

"मरिनस!" तो वरून ओरडला. "तुझा डोंगर परत आलाय! माझं तळं कुठाय?"

मरिनसने खाली पाहिलं. तळं कुठे आहे ते त्याला कळलं. त्याच्या लाकडी बुटांत शिरत होतं.

"तुझ्याच आवारात येतंय!" तो ओरडला. "म्हणजे आता अगदी कायदेशीर!"

घराणं जमिनीला लागलं. काकांचे मोजे भिजले, केकला खालून पाणी लागलं, मुलं मात्र खूश झाली. कोबा आत्या थेट सेर्वासच्या डोळ्यांसमोर येऊन थांबली. सेर्वासच्या चेहऱ्यावर विजय पसरला.

"बघितलंत? याला डोंगर म्हणतात? आत्या, आता तूच सांग!"

"सांगते," आत्या म्हणाली. "तुमच्या लिंबुर्खाच्या डोंगरावरून खाली कसं येतात रे?"

"चालत. एका बाजूला पायऱ्याही आहेत."

"पायऱ्या!" आत्याने सगळ्यांकडे असं पाहिलं, की त्यांनाच आपल्या गुडघ्यांची लाज वाटावी. "पायऱ्या! आणि आमचा डोंगर बघ. वर नेतो, गाव दाखवतो आणि दम लागू न देता खाली आणून सोडतो. असा डोंगर मी जन्मात पाहिला नाही. मेळावा इथेच. दर वर्षी."

टाळ्या झाल्या. पाण्यात उभं राहून वाजवलेल्या टाळ्यांना एक वेगळाच आवाज येतो. सेर्वासही वाजवत होता, कारण तो एकटाच न वाजवता बरा दिसला नसता.

"फक्त पुढच्या वर्षी जरा उंच कर, मरिनस," आत्या म्हणाली. "खाली येताना फार लवकर संपला."

"करतो की, आत्या! त्यात काय!" मरिनस म्हणाला.

नेलने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे वळला, काहीतरी पटणारं बोलायला तोंड उघडलं, आणि उजवा पाय उचलून पाहिला. पाय आला. बूट मात्र खालीच राहिला.